खुर्चीवरच्या रंगाचे थर

दिवाळी झाली, ऊन कोरडं पडायला लागलं, की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. माळ्यावर जेवणाच्या टेबलाबरोबरच्या चार लाकडी खुर्च्या पडल्यात. रंग उडालाय, एक डुगडुगते, एकीची पट्टी निघालीय. भंगारात द्यायच्या, चुलीत घालायच्या, की घरीच रंगवून घ्यायच्या?

आमचं उत्तर सरळ आहे. चुलीत अजिबात घालू नका. आणि रंगवायच्या असतील, तर ब्रश हातात घ्यायच्या आधी त्या खुर्चीचा इतिहास ऐकून घ्या. तिच्यावर कोणता रंग कोणत्या काळात चढला, हे कळलं तरच तो कसा काढायचा ते ठरवता येतं. आणि खुर्ची घरात आली ती कुणासाठी, हे कळलं तर रंगवून झाल्यावर तिच्यावर कोण बसणार, तेही ठरवता येतं.

खुर्ची नव्हती तेव्हा

आपल्या आज्या-पणज्यांचा सगळा संसार जमिनीवर होता. दळण, निवडण, भाकरी, जेवण, बाळंतिणीचं न्हाणं, सगळं खाली बसून. बसायला घोंगडी, सतरंजी, गोणपाट. जेवायला पाट, तोही असला तर. कोकणात फणसाचा, देशावर सागाचा किंवा आंब्याचा. मोठ्या वाड्यात ओसरीवर गादी आणि तक्क्या, पूजेला चौरंग.

गावचा सुतार बलुतेदार होता. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी, दाराची चौकट, पाळणा, लाटणं, पाट हे त्याचं काम. सुगीला खळ्यावर त्याला धान्य मिळायचं. त्याच्या या कामात खुर्ची नव्हती. हात कुशल होताच, पण गावात ती कुणाला लागतच नव्हती.

‘खुर्ची’ हा शब्दही आपल्याकडे बाहेरून आला. मूळ अरबी ‘कुर्सी’, तो फारसीच्या वाटेने दरबारात आणि तिथून मराठीत आला. म्हणजे शब्द आला तोच दरबारातून. पुढे इंग्रज अमलात खुर्ची कचेरीत आली, साहेबाच्या बंगल्यात आली, शाळेत मास्तरांच्या टेबलामागे आली. कचेरीत साहेब खुर्चीवर आणि बाकीचे उभे किंवा खाली. कुणाला खुर्ची द्यायची, कुणाला नाही, यावरून त्या माणसाची पायरी ठरायची. आजही आपण ‘खुर्ची गेली’, ‘खुर्चीसाठी भांडतात’ असं म्हणतो, ते उगाच नाही.

बसण्याच्या जागेवरून माणसाला किती खाली ढकलता येतं, हे बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. लहानपणी शाळेत त्यांना बाकीच्या मुलांपासून वेगळं, कोपऱ्यात बसावं लागे. खाली घालायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे, आणि संध्याकाळी तो परत घरी आणावा लागे. कारण शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे. बाकीच्यांचं बसणं आणि त्यांचं बसणं यात एवढी भिंत होती. तेव्हा बसायची वस्तू ही नुसती वस्तू कधीच नव्हती, एवढं आपण लक्षात ठेवू.

जेवायला खुर्ची

जेवण खुर्चीवर बसून करायचं, ही चाल आपल्याकडे समुद्राकडून आली. गोवा पोर्तुगीजांनी 1510 मध्ये घेतलं. त्यांच्या मागोमाग तिथल्या मोठ्या घरांत उंच पाठीच्या, कोरीव कामाच्या, वेताच्या जाळीच्या खुर्च्या आल्या. नमुना परदेशी, पण करणारे हात इथल्याच सुतारांचे. मुंबईत इंग्रजांच्या, पारशांच्या, ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांत जेवणाचं टेबल आलं.

साध्या माणसाला खुर्चीवर बसवून खाऊ घालण्याचं मोठं काम मात्र मुंबईच्या इराणी हॉटेलांनी केलं. तिथली गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची काळपट खुर्ची तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल. तिचा जन्म युरोपातल्या व्हिएन्ना शहराचा. मायकेल थोनेट नावाच्या कारागिराने लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायची रीत बसवली आणि 1859 मध्ये ‘चौदा नंबर’ची खुर्ची काढली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात ती उभी राहायची. सुटी करून एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा पेटीत 36 खुर्च्या मावत. म्हणून ती जहाजातून स्वस्तात जगभर गेली. त्या घडणीच्या खुर्च्यांवर बसून मुंबईत गिरणी कामगाराने चहा प्यायला आणि वकिलानेही.

आपल्या गावांत जेवणाचं टेबल आणि खुर्च्या पोचल्या त्या फार उशिरा. कुणाच्या मुलाने नोकरी लागल्यावर आणल्या, कुणाच्या लग्नात आंदण म्हणून आल्या, कुणी शहरातल्या नातेवाइकांनी नवं घर घेतल्यावर जुन्या पाठवून दिल्या. मग 1990 नंतर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या, एकात एक बसणाऱ्या, पाण्याने धुता येणाऱ्या. लग्नाच्या मांडवातून त्या घरात शिरल्या आणि लाकडी खुर्च्या माळ्यावर गेल्या.

लाखेपासून डब्यापर्यंत

आता खुर्ची खाली काढा आणि जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे नीट बघा. एकाखाली एक थर दिसतील. तो तुमच्या घराचा इतिहास आहे.

सगळ्यात खाली लाकूड. त्याच्यावर जुन्या खुर्चीला बहुतेक वेळा चपडीचं पॉलिश असतं. चपडी म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणारा बारीक किडा ती तयार करतो. जंगलातल्या बायाबाप्ये ती खरवडून गोळा करतात. ती शुद्ध करून पातळ पापड्या करतात, आणि त्या स्पिरिटमध्ये विरघळवल्या की पॉलिश होतं. कापसाच्या बोळ्याने ते हात फिरवून फिरवून चढवायचं. बांगड्यांची लाख आणि खुर्चीची चपडी एकाच घरातल्या. आपल्या सावंतवाडीच्या लाकडी पाटांवर, खेळण्यांवर, गंजिफांवर जी चकाकी असते, तीही लाखेचीच देणगी.

सांधे जुळवायला सुतार सरस वापरायचा. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा गोंद गरम करून लावायला लागायचा आणि ओल लागली की सुटायचा. 1959 मध्ये फेविकॉल आलं आणि ही शेगडी सुताराच्या कामातून गेली. तुमची खुर्ची त्याच्या आधीची असेल, तर सांध्यात तपकिरी, ठिसूळ पापुद्रा सापडेल. तो सरस.

पॉलिशच्या वर ऑइल पेंट. आपल्याकडे रंगाचं तेल म्हणजे जवसाचं. त्यात रंगाची भुकटी घोटून रंग व्हायचा. डब्यातला तयार रंग बराच काळ परदेशातून यायचा. दुसऱ्या महायुद्धात ही आवक अडली आणि त्याच काळात, 1942 मध्ये, मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली. 1954 मध्ये तिच्यासाठी आर. के. लक्ष्मण यांनी हातात डबा आणि ब्रश घेतलेला खोडकर गट्टू काढला. तो गट्टू दुकानांच्या पाट्यांवरून घराघरांत पोचला. सणाला दार, खिडकी आणि उरलेल्या रंगात खुर्ची, ही रीत पडली. म्हणून पुष्कळ खुर्च्यांचा रंग दारासारखाच असतो, निळा नाहीतर हिरवा.

रंगातलं शिसं

आता महत्त्वाची गोष्ट. रंग पांढरा, दाट आणि टिकाऊ व्हावा म्हणून जगभर त्यात शिसं घालत. आपले रंगारी ज्याला सफेदा म्हणायचे तो शिशाचा. देवाला लावतात तो शेंदूरही मुळात शिशाचाच. पिवळ्या, केशरी, हिरव्या रंगांतही ते असायचं. रंग लवकर वाळावा म्हणूनही घालायचे.

शिसं विषारी आहे, हे रंगाऱ्यांच्या पोटदुखीवरून आणि लुळ्या पडणाऱ्या मनगटांवरून डॉक्टरांना फार आधी कळलं होतं. लहान मुलांची गोष्ट उघड झाली ती ऑस्ट्रेलियात. ब्रिस्बेन शहरात मुलं आजारी पडत होती. जॉन लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरने 1904 मध्ये सांगितलं, की हे विष घराच्या व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांतून येतंय. उन्हाने रंगाची पूड होते, ती मुलांच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातात. तिथे कायदा व्हायला 1922 साल उजाडलं.

त्याच्या एकच वर्ष आधी, 1921 मध्ये, जिनिव्हाला कामगारांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एक करार झाला. शिशाच्या सफेद्याने रंगवायच्या औद्योगिक कामावर अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि बायकांना, कोणत्याही वयाच्या असोत, ठेवायचं नाही, असं त्यात लिहिलं. ऐकायला बरं वाटतं. पण मैत्रिणींनो, हे सगळं धंद्यातल्या कामाबद्दल होतं. घरी बसून दार घासणारी, खुर्ची खरवडणारी, पडलेली पूड झाडूने गोळा करणारी बाई त्यात कुठेच नव्हती. तिचं काम हे काम म्हणून मोजलंच नव्हतं.

अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं 1978 मध्ये बंद झालं. भारतात त्याचा नियम 2016 मध्ये निघाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आता घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसं 90 भागांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे तुमच्या खुर्चीवरचा रंग 2017 च्या आधीचा असेल, तर त्यात शिसं आहे असं धरूनच कामाला हात घाला. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही.

शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला धक्का देतं. ते हाडांत साठतं आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून रक्तात येऊन पोटातल्या बाळापर्यंत जातं. म्हणूनच आम्ही म्हणालो, चुलीत घालू नका. रंगाचं लाकूड जाळलं की शिसं धुरात येतं आणि राखेत उरतं. त्या राखेने आपण भांडी घासतो, ती राख परसात टाकतो.

काम कसं करायचं

पहिल्यांदा खुर्चीवर नुसतं पॉलिश आहे की रंग, ते बघा. पॉलिश असेल तर आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाका. जागा चिकट झाली तर ती चपडी. अशी खुर्ची रंगवू नका. साबणाच्या कोमट पाण्यात फडकं पिळून पुसा, वाळवा आणि चपडी पॉलिशचे दोन-तीन पातळ हात द्या. जवसाचं तेल लावणार असाल तर एक सांभाळा. तेलाची फडकी चुरगळून ढिगात ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासायचा नाही आणि आगीने जाळून काढायचा नाही. काम अंगणात, चूल, पाणवठा, गोठा आणि कोंबड्यांपासून लांब करा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि मुलं यांनी जवळ थांबायचं नाही. खाली जुना प्लॅस्टिकचा कागद अंथरा. तोंडाला चांगला मास्क बांधा, नुसता पदर पुरत नाही. खुर्चीवर पाणी शिंपडत राहा आणि पाण्यातला पॉलिश पेपर, ज्याला दुकानात वॉटर पेपर म्हणतात, तो ओला करून घासा. रंग लाकडापर्यंत काढायची गरज नाही. जो सुटलाय तेवढा ओल्या पत्र्याने खरवडायचा, जो घट्ट आहे त्याची फक्त चमक मोडायची. जितका कमी काढाल तितका चांगला.

झाडू मारू नका. टवके प्लॅस्टिकच्या कागदासकट गुंडाळून पिशवीत बांधा, शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नका. जागा ओल्या फडक्याने पुसा. हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नका, आणि कामाची साडी वेगळी धुवा.

आता डुगडुगणारा सांधा. तो सोडवा, जुना सरस ओल्या फडक्याने पुसून काढा, वाळवा, नवा गोंद भरा. मग चारी पायांभोवती सुंभाची दोरी बांधून मध्ये काठी घालून पिळा. आपण खाट ताणतो त्यातलाच प्रकार. पूर्ण एक दिवस हात लावू नका. बारीक भोकं लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भरा, नाहीतर दुकानातली लांबी भरा. भोकांतून पिवळी पूड गळत असेल तर आत कीड आहे. ती खुर्ची आधी सुताराला दाखवा.

लाकूड खडखडीत वाळलं की प्रायमरचा एक हात. दुसऱ्या दिवशी ओल्या पेपरने हलकं घासून पुसा. मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र जाऊ द्या. एक जाड हात देऊन काम उरकलं की ओघळ येतात आणि उन्हात पापुद्रे सुटतात. खुर्ची उलटी ठेवून आधी पाय रंगवा, मग सरळ करून पाठ आणि शेवटी बैठक. चार साध्या खुर्च्यांच्या दोन हातांना एक लिटर रंग पुरतो. डबा घेताना शिशाबद्दलची ओळ आणि कारखान्याचं नाव-पत्ता बघा. नसेल तर तो डबा परत करा. गटाने मिळून वॉटर पेपर, ब्रश, प्रायमर आणला तर प्रत्येकीचा खर्च कमी होतो. पावसाळ्यात हे काम काढू नका, रंग वाळत नाही. शेवटी पायांखाली जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे ठोका. फरशीची ओल लाकडात चढणार नाही.

आणि मग तिच्यावर कोण बसणार?

घरात जेवणाची खुर्ची आली, तेव्हा आपल्यासाठी काय बदललं ते आठवा. पंगतीत आधी पुरुष जेवायचे, मग मुलं, मग बायका, उरलंसुरलं पुसून घेत. खुर्च्या आल्या, टेबल आलं, पण पुष्कळ घरांत क्रम तोच राहिला. टेबलावर पुरुष आणि मुलं, वाढायला आपण उभ्या, आणि मागाहून ताट घेऊन ओट्याखाली जमिनीवर. खुर्ची पुसली आपण, तिची धूळ झाडली आपण, आता रंगवणारही आपणच. बसायचं तेवढं राहून गेलं.

सरकारी खुर्चीचंही असंच झालं. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. त्यांत सरपंचाचं पदही आलं. 2011 मध्ये महाराष्ट्राने तो वाटा निम्मा केला. कायद्याने खुर्ची दिली, तरी कितीतरी गावांत पहिल्या बायका सरपंच असूनही सतरंजीवर बसल्या आणि खुर्चीत त्यांचे मालक. सासरे समोर, दीर समोर, वर कसं बसायचं? ती भीती कायद्याने गेली नाही. एकेक बाई उठून खुर्चीत बसली, तेव्हा ती गेली.

जमिनीवर बसण्यात कमीपणा आहे, असं आम्ही म्हणत नाही. मांडी घालून, एका ओळीत, सगळ्यांनी बरोबर जेवण्यासारखं सुख नाही. पण घरात चार जण वर आणि एकटी खाली, हे बसणं आपण निवडलेलं नसतं. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना आणि सातवा महिना लागलेल्या सुनेला तर खुर्ची आधी हवी.

तेव्हा या थंडीत खुर्च्या खाली काढा. रंग ओला करून घासा, सांधे पिळून बांधा, आवडेल तो रंग द्या. तो पूर्ण वाळायला आठवडा द्या. आणि मग एक दिवस सगळा स्वयंपाक टेबलावर मांडा, ज्याचं त्याने वाढून घ्या असं सांगा, आणि गरम भाकरीला सगळ्यांबरोबर बसा. घरात कोण काय म्हणालं, ते पुढच्या बैठकीत एकमेकींना नक्की सांगा.